धुराड्याची नोंद आहे, श्वासाची नाही

खान्देशातील औद्योगिक प्रदूषणाची चर्चा निघाली की ती धुराड्यापाशी सुरू होते आणि धुराड्यापाशीच संपते. धूर किती निघाला, तो मर्यादेच्या आत होता की बाहेर, यंत्रणा चालू होती की बंद, नोटीस बजावली की नाही, एवढ्याच प्रश्नांभोवती गावकरी, कारखानदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ हे तिघे वर्षानुवर्षे फिरत राहतात. तो धूर ज्यांच्या छातीत गेला त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सरकारदरबारी कुणाच्याच खात्यावर नाही. भुसावळजवळच्या दीपनगरपासून एरंडोल-धरणगावच्या जिनिंगपर्यंत धुराचे आणि धुळीचे मोजमाप कायद्याने ठरवून दिले आहे. माणसाच्या श्वासाचे नाही. या एका उणिवेपायी बाधित गावांची प्रत्येक लढाई पुराव्याअभावी अर्ध्यावर सुटते.

दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र हे या जिल्ह्यातील सर्वांत मोठे धुराडे. साठच्या दशकाच्या अखेरीस येथे पहिला लहान संच सुरू झाला. १९७९ आणि १९८२ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॉटचे दोन संच आले. पुढे २०१० नंतरच्या दशकात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे दोन संच कार्यान्वित झाले आणि आता ६६० मेगावॉटचा नवा संचही उभा राहिला आहे. या केंद्राने हजारो कुटुंबांना रोजगार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. केळी आणि कापसाच्या या पट्ट्यात विहिरीवरील मोटार विजेवाचून चालत नाही, हेही खरे. म्हणूनच दीपनगर बंद करा, असे परिसरातील शहाणा माणूस म्हणत नाही. विजेची किंमत कोण आणि कशाच्या रूपाने चुकवतो, याचा हिशेब तरी मांडा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

हा हिशेब मांडायला फार मोठे गणित लागत नाही. एक युनिट वीज तयार करण्यास साधारणतः ६५० ग्रॅम कोळसा लागतो. ५०० मेगावॉटचे दोन संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालले, तर सुमारे १५ हजार टन कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, जवळपास एक तृतीयांश असते. म्हणजे दिवसाला सुमारे ५ हजार टन राख. त्यातील ४ हजार टनांच्या आसपास राख धुराबरोबर वर जाऊ पाहते आणि ती विद्युतभाराच्या साहाय्याने राख पकडणाऱ्या ईएसपी यंत्रणेत अडवली जाते. या यंत्रणेने हजार भागांपैकी ९९९ भाग अडवले, तरी रोज ४ टन अतिसूक्ष्म धूळ हवेत जाते. यंत्रणा उत्तम चालली तरचा हा हिशेब आहे. ती काही तास जरी नीट चालली नाही, तर आकडा कुठे जाईल, हे सांगण्याची गरज नाही.

अडवलेली राखही संपत नाही. ती पाण्यात मिसळून वेल्हाळे शिवारातील राखेच्या तळ्यात सोडली जाते. पावसाळ्यात ती ओली असते. उन्हाळ्यात वरचा थर सुकतो आणि वाऱ्याबरोबर घरांवर, विहिरींवर व पिकांवर उतरतो. त्या राखेची वाहतूक करणाऱ्या ट्रकांमुळे रस्त्याकडेच्या वस्त्यांना वेगळाच त्रास होतो. याविषयी परिसरातील ग्रामस्थ आणि शेतकरी यांच्या तक्रारी नव्या नाहीत. केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९ मध्ये राखेच्या वापराची पहिली अधिसूचना काढली. विटा, सिमेंट आणि रस्ते यांसाठी ती वापरावी, असे सांगितले. तब्बल २२ वर्षांनी, डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत, न वापरलेल्या राखेवर टनाला १ हजार रुपये पर्यावरण भरपाई आकारण्याची तरतूद आली. म्हणजे राखेच्या टनाला भाव ठरला. ती राख श्वासावाटे घेणाऱ्याच्या खोकल्याला मात्र अजून भाव नाही.

या धुळीचे शरीरात काय होते, याविषयी वैद्यकशास्त्रात आता शंका उरलेली नाही. १० मायक्रॉनपर्यंतचे कण श्वासनलिकेपर्यंत पोहोचतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातात आणि त्यांतील काही रक्तात उतरतात. म्हणून दमा आणि जुनाट खोकला एवढ्यावर हे थांबत नाही; हृदयविकार, पक्षाघात आणि कमी वजनाची बालके यांच्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. बाहेरच्या हवेचे प्रदूषण कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केला. अडीच मायक्रॉनखालील कणांसाठी भारताने २००९ मध्ये ठरवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ पर्यंत खाली आणली. आपल्या मर्यादेत बसणारी हवा ही निरोगी हवा असतेच असे नाही, हा या दोन आकड्यांचा अर्थ.

दीपनगरचा धूर एरंडोलकरांना काय करणार, असे कुणी विचारील. दोन्हींमध्ये रस्त्याने सुमारे ६० किलोमीटरचे अंतर आहे. परंतु उंच चिमणी धूर नाहीसा करीत नाही; जवळच्या गावाऐवजी तो दूरच्या गावांत वाटून देते. कोळशातील गंधकापासून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड हवेत वाहत असताना सूक्ष्म सल्फेट कणांत बदलतो आणि हे कण शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पसरलेल्या तापीच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर उठत नाही. अशा वेळी तालुक्याच्या सीमा निरर्थक ठरतात. तरीही पर्यावरण परवानगीसाठी अभ्यास होतो तो साधारणपणे प्रकल्पाभोवतीच्या १० किलोमीटर वर्तुळाचा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात जळगाव शहराचा समावेश झाला. पण तो कार्यक्रमच शहरांचा. वेल्हाळे वा एरंडोल यांना त्यात जागा नाही.

एरंडोलला मात्र धुळीसाठी दीपनगरकडे पाहण्याचीही गरज नाही. एरंडोल, धरणगाव, पारोळा, बोदवड हा कापसाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो आणि जिनिंग सुरू होतात. सरकीपासून रुई वेगळी होताना तंतू आणि पानाबोंडांच्या भुग्याची बारीक धूळ उडते. ही धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्याला बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार होऊ शकतो. त्याची खूण अशी, की आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढच्या दिवसांत बरे वाटू लागते. त्यामुळे कामगार त्याला थकवा समजतो. पुढे तो त्रास रोजचा होतो आणि फुप्फुसाची गेलेली शक्ती परत येत नाही.

येथे कायद्याची एक विलक्षण विसंगती समोर येते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिसचे नाव आहे. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने कारखाने निरीक्षणालयाला कळवणे त्या कायद्याने बंधनकारक केले. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनेही अशी यादी कायम ठेवली. परंतु त्याच १९४८ सालच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने योजनेतून वगळले आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापूस जिनिंगचा उल्लेख पहिल्याच ओळीत केला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही वगळणूक कायम राहिली. म्हणजे एका कायद्याने सांगितले की या कामगाराचा आजार नोंदवा, आणि दुसऱ्याने तो नोंदवू शकणारा विम्याचा डॉक्टरच त्याला मिळू दिला नाही. हंगाम संपला की कामगार गावी किंवा दुसऱ्या मजुरीला जातो. त्याची धाप त्याच्याबरोबर जाते. तिची नोंद कुठेच राहत नाही.

भिंतीच्या आत निदान कागदावर तरी अधिकार आहे. भिंतीच्या बाहेर तेवढेही नाही. कारखान्यात काम करणाऱ्याला धुळीमुळे आजार झाला तर तो 'अधिसूचित रोग' ठरतो. त्याच धुळीने भिंतीपलीकडच्या घरातील त्याच्या बायकोला वा आईला धाप लागली, तर ती केवळ सर्दी-खोकल्याची रुग्ण ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत नाव, वय, गाव आणि औषध लिहिले जाते. रुग्ण काय काम करतो, घर राखेच्या तळ्यापासून किती अंतरावर आहे, त्रास कोणत्या महिन्यात वाढतो, हे कुणी विचारीत नाही. २००४ पासून सुरू असलेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात श्वसनसंसर्गाचे आकडे नियमित वर पाठवले जातात. परंतु त्या कार्यक्रमाचा हेतू साथ ओळखण्याचा आहे. वीस वर्षे हळूहळू वाढत जाणारी धाप ही त्याच्या दृष्टीने साथ नव्हे.

यावर कारखानदारांचे आणि अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते. खेड्यात चुली आहेत, लोक विडी ओढतात, शेतात पऱ्हाटी जाळली जाते, महामार्गावरून ट्रक जातात. मग आजार आमच्याच धुराने झाला हे कशावरून? हे उत्तर खोटे नाही. चुलीच्या धुराने स्त्रियांची फुप्फुसे निकामी होतात, हे सर्वज्ञात आहे आणि एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून त्याचा खोकला कोणत्या धुराचा, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पण एका रुग्णाबद्दल जे सांगता येत नाही ते हजार रुग्णांबद्दल सांगता येते. चूल, विडी आणि पऱ्हाटी दोन्हीकडे सारखीच असलेल्या, परंतु राखेचे तळे एकीकडेच असलेल्या गावांची तुलना केली की फरक उघड होतो. प्रश्न शास्त्राचा नसून नोंदींचा आहे.

साध्या नोंदींमध्ये केवढे बळ असते, याचा दाखला लंडनने १९५२ मध्ये दिला. डिसेंबरच्या ५ ते ९ तारखांना कोळशाच्या धुराने ते शहर झाकोळले. धुराने किती माणसे मेली, हे कोणत्याही यंत्राने सांगितले नाही. ते मृत्यूच्या नोंदवह्यांनी सांगितले. नेहमीपेक्षा सुमारे ४ हजार मृत्यू अधिक झाल्याचे त्यांतून दिसले, नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. त्या हिशेबामुळेच १९५६ मध्ये ब्रिटनला स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला.

दुसरे उदाहरण आपल्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे. अमेरिकेतील युटा राज्याच्या एका खोऱ्यात पोलादाचा मोठा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्या वादात तो १९८६-८७ मध्ये सुमारे १३ महिने बंद राहिला आणि मग पुन्हा सुरू झाला. तेथील विद्यापीठातील आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने परिसरातील रुग्णालयांच्या दाखल रुग्णांच्या नोंदी काढून पाहिल्या. कारखाना बंद असलेल्या हिवाळ्याच्या तुलनेत तो चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांनी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची संख्या दुप्पट-तिप्पट होती. चुली त्याच होत्या, हिवाळा तोच होता, माणसे तीच होती. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने सूक्ष्म धुळीविषयीच्या जगभरच्या संशोधनाला दिशा दिली. दीपनगरमध्ये संच बंद पडतात, देखभालीसाठी थांबवले जातात, जुने निवृत्त होतात, नवे सुरू होतात. २०२० च्या टाळेबंदीत तर अवघ्या देशाचा धूर कमी झाला होता. असे नैसर्गिक प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर घडून गेले. नोंदवहीत मात्र त्यांचा मागमूस राहिला नाही.

महाराष्ट्रातही नोंदीने न्याय मिळाल्याचे उदाहरण आहे. मुंबईत चेंबूरजवळच्या माहुल आणि आंबापाडा या वस्त्या तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांनी वेढलेल्या आहेत. वास येतो, डोळे चुरचुरतात, छाती भरून येते, अशा रहिवाशांच्या तक्रारी अनेक वर्षे 'तक्रारी' म्हणूनच राहिल्या. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तेथे आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात सुमारे ६७ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे आढळले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ च्या निकालात तेथील प्रदूषणाचा आणि आरोग्याच्या हानीचा प्रश्न मान्य केला, तेव्हा या सर्वेक्षणाचा आधार होता. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई भरण्याचा आदेश दिला. या रकमेने कुणाची फुप्फुसे परत आली नाहीत. परंतु लोकांचा श्वास कागदावर उतरला तेव्हाच त्याची दखल घ्यावी लागली, हे निर्विवाद. मुंबईला केईएम जवळ होते. वेल्हाळ्याला तसे कोण आहे?

नोंदींच्या अभावी धोरण कसे ठरते, हेही याच काळात दिसले. औष्णिक केंद्रांसाठी कडक उत्सर्जन मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाल्या आणि दोन वर्षांत त्या पाळायच्या होत्या. मुदत एकामागून एक वाढत गेली. अखेर जुलै २०२५ च्या अधिसूचनेने महानगरांपासून, अतिप्रदूषित क्षेत्रांपासून आणि स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांपासून १० किलोमीटरच्या बाहेर असलेल्या केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट पाळल्यास, गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक औष्णिक क्षमता या सवलतीत बसते. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आत आहे, असा सरकारचा युक्तिवाद. तो वादापुरता मान्य केला तरी निर्णय हवेच्या आकड्यांवर झाला, फुप्फुसांच्या नाही. शहरापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याचा आणि बाहेर राहणाऱ्याचा श्वास वेगवेगळ्या मापाने मोजला गेला. खेड्यातील आजाराचे आकडेच नसतील, तर खेड्याच्या बाजूने बोलणार तरी कोण?

काळाचाही घटक आहे. शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथील रासायनिक कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी स्फोट झाला आणि किमान १२ जणांचा बळी गेला, तेव्हा मृतांची मोजदाद झाली, मदत जाहीर झाली, चौकशी झाली. स्फोटाला दिवस असतो, वेळ असते. हळूहळू साचणाऱ्या धुळीला यातले काहीच नसते. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात भरपाईचा अर्ज करण्यास, कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. फुप्फुसाचा विकार मात्र दहा-वीस वर्षांनी उघड होतो. ज्याच्यापाशी पहिल्या वर्षाची नोंद नाही त्याला आजार केव्हा सुरू झाला हेच सिद्ध करता येत नाही, आणि कायद्याचे दार त्याने ठोठावण्याआधीच बंद झालेले असते.

मग करायचे काय? यासाठी नवे महामंडळ नको की नवा कायदा. वरणगाव-फेकरी-वेल्हाळे परिसरातील आरोग्य केंद्रांच्या नोंदवहीत पाच प्रश्नांची भर घालावी: वस्ती कोणती, काम कोणते, घरात चूल की गॅस, तंबाखू वा विडी आहे का, त्रास किती दिवसांचा. आशा कार्यकर्तीला घराघराची माहिती असतेच. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, या गावांत स्पायरोमीटरने श्वासाची तपासणी करावी. तुलनेसाठी एरंडोल तालुक्यातील, जिनिंगपासून दूर असलेली, तेच पीक आणि तीच चूल असलेली गावे निवडावीत. जिनिंगच्या कामगारांची तपासणी हंगामाच्या आरंभी आणि मध्यावर, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर व्हावी. बिसिनोसिस पकडण्याची हीच वेळ असते. हवा प्रदूषण कायदा, १९८१ नुसार मंडळ उद्योगाला संमतीपत्र देताना अटी घालू शकते. या तपासणीचा खर्च ही त्यांतील एक अट असावी. रुग्णांची नावे गुप्त ठेवून गावागावाचे आकडे, त्या काळातील वीजनिर्मितीच्या आकड्यांसह, दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावेत.

याला विरोध होण्याचे खरे तर कारण नाही. आपला धूर निरुपद्रवी आहे, याची उद्योगाला खात्री असेल तर ही नोंदवही त्याचीच बाजू मांडील. दोष चुलीचा निघाला, तर प्रत्येक घरी गॅस पोहोचवण्याला आणि भरलेले सिलिंडर परवडेल असे करण्याला प्राधान्य मिळेल. तेही लोकांच्या भल्याचेच आहे. नोंद कुणाविरुद्धही नसते, ती फक्त अज्ञानाविरुद्ध असते. आजवर या अज्ञानाचा लाभ एकाच बाजूला मिळत आला, एवढेच.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुमारे ८० हजार वायुबाधितांची नोंद करून त्यांच्या आरोग्याचा दीर्घकाळ मागोवा घेतला. म्हणजे या देशाला असे काम जमत नाही, असे नाही. त्यासाठी आधी हजारो माणसे एका रात्रीत मरावी लागली, हे आपले दुर्दैव. तापीकाठच्या गावांना तेवढी मोठी किंमत न चुकवता एक नोंदवही मिळावी, ही मागणी अवाजवी नव्हे. चिमणीतून निघणाऱ्या धुराचा तासातासाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला, तो धूर घेणाऱ्या माणसाचा वर्षातून दोन वेळा श्वास मोजणे जड जाऊ नये.